डिप्लोमा, ऑर्डरी की रविवारची चित्रं?

नोकरी बरी चाललीय, घरचंही बरं चाललंय, आणि रात्री जेवणं उरकली की तास-दीड तास तुम्ही रंगवत बसता. आता डोक्यात किडा शिरलाय. रीतसर शिकून घ्यावं का? की शिकणं राहू दे, सरळ ऑर्डरी घ्यायला लागावं? की आहे तसंच चालू ठेवावं? सोलापुरात माझं फ्रेमचं दुकान आहे, त्यामुळे हा किडा चावलेली माणसं मला बरीच भेटतात. बँकेतले कारकून, झेडपीच्या शाळेतल्या बाई, एमआयडीसीतले सुपरवायझर, निवृत्त मंडळी. चित्र काउंटरवर ठेवतात आणि पट्टीचा भाव विचारायच्या आधी म्हणतात, "काका, फ्रेम करण्याइतकं आहे का हो हे?" आपण स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायचं की नाही, हे त्यांना माझ्या तोंडून काढून घ्यायचं असतं.

मी चित्र उलटं करतो. तसंही माऊंट कापायच्या आधी पाठ बघावीच लागते. पुष्कळदा मागे काहीच नसतं, कोरा कागद. कधी मात्र मागच्या बाजूला तेच झाड, तोच घाट अर्धा रंगवून सोडून दिलेला असतो. पेन्सिलीने काट मारलेली असते, कडेला रंग आजमावलेले असतात. अशा माणसाला मी बसायला स्टूल देतो. आपल्या कामाला कुणीतरी 'हे नाही जमलं' म्हटलं आणि त्याने ते दुसऱ्यांदा केलं, एवढं त्या पाठीवरून कळतं.

लोक लावतात त्या कसोट्या वेगळ्या असतात. प्रमाणपत्र आहे का, चित्र विकलं का, पेपरात नाव आलं का. यातली एकही टिकत नाही. पॅरिसच्या जकात खात्यात काम करणारा आंरी रूसो कुठल्याही कलाशाळेत गेला नव्हता, नोकरी सोडली तेव्हा तो 49 वर्षांचा होता, आणि लोक त्याच्या चित्रांना हसत. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. उलट पदवी भिंतीवर टांगून वर्षानुवर्षं ब्रशला हात न लावलेली माणसं मला याच शहरात माहीत आहेत. म्हणून तिन्ही वाटांची तुलना मी एकाच प्रश्नावर करणार आहे: त्या वाटेवर तुमच्या चित्राला 'नाही' कोण म्हणणार?

कॉलेजची वाट

इथे 'नाही' म्हणायला सर असतात, आणि ते रोज म्हणतात. हाच या वाटेचा खरा माल. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेल्यांना स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र ठाऊक असतं. कॉलेजात तेच पुन्हा, पण हाडापर्यंत जाऊन. समोर मॉडेल बसवतात आणि मानेचा कोन चुकला की सर काही न बोलता तुमच्याच कागदावर कोळशाची एक रेघ ओढतात. त्या एका रेघेत घरी वर्षभर गिरवलेलं सगळं निकालात निघतं. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय 1857 सालचं, आणि राज्यातल्या कलाशिक्षणावर त्याचीच सावली आहे. आधी पाहून काढायला शिका, मनातलं नंतर, ही तिथली शिस्त.

पण हिशेब नीट करा. बी. एफ. ए., म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांची, त्याला बारावीनंतर राज्याची सीईटी. आधी फाउंडेशनचं पायाभूत वर्ष करून जी. डी. आर्ट या सरकारी डिप्लोमाला गेलात तरी वर्षं तेवढीच, किंबहुना जास्तच. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, बघा, मात्र कलाशिक्षकांच्या जागा किती निघतात हे आधी कुणा नोकरीतल्या माणसाला विचारा, कॉलेजच्या माहितीपत्रकाला विचारू नका. दिवसाचं कॉलेज म्हणजे नोकरी गेलीच. अठरा वर्षांच्या पोराला हे झेपतं, घरी आई-वडील भाकरी घालतात. कर्जाचे हप्ते भरणाऱ्याला ते फार महाग पडतं, आणि महाग फी नसते, गेलेला पगार असतो.

आणखी एक अडचण. सरांचा 'नाही' चार-पाच वर्षांनी बंद होतो. त्यानंतर काहींना आतून ऐकू येईनासं होतं. कॉलेजात झकास काम करणारी मुलं नंतर थंड का पडतात, याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

ऑर्डरीची वाट

इथे 'नाही' म्हणतं ते गिऱ्हाईक. आजोबांचं पोर्ट्रेट, लग्नातला जोडीचा फोटो, बालवाडीच्या भिंतीवर ससा आणि मोर, नव्या हॉटेलात 'काहीतरी वारली टाइप'. गिऱ्हाइकाचा नकार उर्मट असतो, पण खोटा नसतो. "नाक आमच्या बाबांचं नाही वाटत" असं सुनेने म्हटलं की नाक खरंच चुकलेलं असतं. तिला रचना कळत नसेल, सासऱ्याचं नाक कळतं.

फ्लेक्स यायच्या आधी गावात पेंटर लोक होते. खडूत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून फटकन सोडायचा, रेघ उमटायची, आणि त्या रेघेवर हातभर उंचीची अक्षरं मोजमाप न करता बसायची. त्या मंडळींना कुणी कलावंत म्हटलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून दिवस काढले, आणि त्या कामाचा मोठा हात, लांबून वाचता येणारी रेघ, शेवटपर्यंत त्यांच्या चित्रांत राहिली. पोटासाठी केलेलं काम हात बिघडवतं असं म्हणणाऱ्यांनी त्यांची रेघ पाहावी.

पण मला या वाटेवरचा सगळ्यांत थोर वाटणारा माणूस पेंटर नव्हे, सोलापूरच्या पूर्व भागातला, म्हणजे मागवाल्यांच्या वस्तीतला, चादरीची नक्षी काढणारा डिझाइनवाला. यंत्रमागाच्या कारखान्याला लागून एखादी खोली, टेबलावर ग्राफचा कागद, आणि तो चौकटी भरत बसलेला. एक चौकट म्हणजे उभा धागा वर की खाली, एवढाच निर्णय. मोराच्या मानेची गोलाई त्याला गोल काढताच येत नाही, धाग्याची नक्षी पायऱ्या-पायऱ्यांनीच वळते. मग पायरी कुठे दोन चौकटींची, कुठे तीनची, हे असं जुळवायचं की चादर अंथरल्यावर चार पावलांवरून मान गोल दिसली पाहिजे. पूर्वी त्यावरून कार्डं पंच व्हायची, ती माळेसारखी ओवून जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. भोक असेल तिथे हूक धागा उचलणार, नसेल तिथे नाही. जॅकार्डने फ्रान्समध्ये 1804च्या सुमारास बसवलेली ही युक्ती आपल्याकडे चादरीत येऊन मुरली. आता कॉम्प्युटर आला, पण चौकट तीच. इथे 'नाही' म्हणणारा माग असतो. चूक झाली की ती एका चादरीत होत नाही, अख्ख्या बीमभर, म्हणजे रुळावर गुंडाळलेला सगळा उभा धागा संपेपर्यंत, होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, डिझाइनवाल्याचं नाव मात्र चादरीच्या कोपऱ्यातही नाही. मला विचाराल तर शहरातल्या पुष्कळ प्रदर्शनांपेक्षा त्या ग्राफच्या कागदावर जास्त कला आहे.

तोटा सांगायला हवा. गिऱ्हाइकाला आवडलं की काम संपतं. एकदा शिवाजी महाराजांचं एक चित्र खपलं की तेच, त्याच घोड्यासकट, जन्मभर काढत राहायची वेळ येते. हात तयार होतो आणि डोकं सुट्टीवर जातं. शिवाय पैसे वेळेवर मिळत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय कॅनव्हास ताणू नका.

नोकरी सांभाळून

तुम्ही बहुधा इथेच आहात, आणि या वाटेवरची सगळ्यांत मोठी अडचण कौतुक ही आहे. इथे 'नाही' म्हणायला कुणीच नसतं. बायको म्हणते छान, भाऊजी म्हणतात विकत का नाही, फॅमिली ग्रुपवर टाकलं की अंगठे आणि फुलं. त्यात कुणाचं चुकतंय असं नाही. पाहुण्याने केलेल्या शिऱ्यात साखर कमी पडली असं कोण सांगतं?

नाटकवाल्यांचं बघा, म्हणजे फरक कळेल. हौशी नाटक हे आपल्याकडे हलकं समजलं जात नाही. ऑफिस सुटल्यावर तालमी, राज्य नाट्य स्पर्धेत हौशींचा वेगळा गट, समोर परीक्षक, आणि अंधारात बसलेले प्रेक्षक, जे कंटाळले की खोकायला लागतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पूर्ण वेळ रंगभूमीवर आले ते 1969 साली, वयाच्या 42व्या वर्षी, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं ते हौशी म्हणूनच काम करत होते. सोलापुरात शिकलेले जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर. यांना खरे कलावंत म्हणायला कुणी दवाखाना बंद व्हायची वाट पाहिली नाही. त्यांच्या हौसेला तालीम होती, आणि तालमीत 'पुन्हा घ्या' म्हणणारा माणूस होता. चित्रवाला बिचारा एकटा. खोलीचं दार लावून बसतो, आणि बाहेर येतो ते थेट फ्रेमसाठी.

म्हणून नोकरी सांभाळून करणाऱ्याने तालमीची सोय स्वतः करावी. तिघं-चौघं जमवा. रविवारी सकाळी भुईकोट किल्ल्यात नाहीतर सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसा, एकाच बुरुजाचं चित्र प्रत्येकाने काढा आणि ती शेजारी-शेजारी मांडा. कुणी काही बोलायची गरज पडत नाही, बुरुज कुणाचा कललाय ते दिसतं. एप्रिल-मे मध्ये मात्र नऊच्या आत उरका. आपल्या उन्हात जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ हात, कागदावर उतरायच्या आत कडेने सुकतो आणि अॅक्रिलिक प्लेटमध्येच चामडं होऊन बसतं. पुण्याच्या हवेत शिकवलेले व्हिडिओ पाहून इथे हात आखडतो तो यामुळे, तुमच्यात खोट नसते.

रूसोला ही सोय आयती मिळाली होती. पॅरिसमध्ये 1884 साली एक वार्षिक प्रदर्शन सुरू झालं, ज्यात निवड समितीच नव्हती. कुणीही चित्र लावावं. रूसो 1886पासून तिथे लावत गेला. त्याला आत घ्यायला कुणी अडवलं नाही, पण बाकीच्यांच्या चित्रांशेजारी स्वतःचं चित्र टांगलेलं बघणं चुकलं नाही.

आणि यात्रेतली रांगोळी घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वज निघतात त्या मार्गावर पायघड्यांसारख्या रांगोळ्या पडतात. काढणारे दिवसा कुठे ना कुठे नोकरी करणारे. मुठीतून रांगोळी एका जाडीने सोडायची, चुकली तर खरवडून काढायची, मागचा माणूस "अहो, तिरकं जातंय" म्हणून ओरडत असतोच. मिरवणूक गेली की संपलं. विक्री नाही, सही नाही, फ्रेम तर नाहीच. यांना हौशी म्हणून बाजूला काढणारा माणूस माझ्याशी वाद घालायला आला तर चहा मी पाजेन, पण वाद सोडणार नाही.

चौथी वाट, जी निवडता येत नाही

कुणालाच न दाखवता करत राहणारे असतात. चंदीगडचे नेकचंद रस्ते खात्यात होते. सरकारी जंगलाच्या जागेत त्यांनी फुटक्या बांगड्या, टाइल्स, भंगार गोळा करून सतराएक वर्षं लपून मूर्ती केल्या. 1970च्या दशकात ते उघडकीला आलं, 1976 साली ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. शिकागोचा हेन्री डार्गर हॉस्पिटलात साफसफाई करायचा. त्याच्या खोलीत पंधरा हजारांवर पानांची हस्तलिखित कथा आणि तिची मोठाली चित्रं सापडली, तीही त्याच्या अखेरच्या दिवसांत. अशी माणसं 'मी कलावंत आहे का' हे विचारतच नाहीत. तुम्ही विचारताय, म्हणजे ही वाट तुमची नव्हे. यांची उदाहरणं देऊन 'मला कुणी समजून घेत नाही' म्हणणारेही दुकानात येतात. त्यांची पट्टी मी पटकन कापून देतो.

मग निवड काय?

घरात दहावी-बारावीचं पोर असेल आणि ते वहीच्या वह्या भरत असेल, तर कॉलेज. त्याला या वयात मिळणारा 'नाही' पुढे पैसे मोजूनही मिळत नाही. 'चित्रकलेत काय आहे' हे वाक्य त्याच्यापुढे बोलू नका, आणि 'हुसेन होशील' हेही नको.

तिशी-चाळिशीतल्याने राजीनामा लिहायच्या आधी एखाद्या कलाशिक्षकाकडे संध्याकाळची शिकवणी लावावी आणि वर्षभर फक्त रेखाटन करावं. रंग नाही. रंग चुका झाकतो, रेघ झाकत नाही. वर्षाने कंटाळा आला असेल तर नोकरी वाचली. नसेल आला, तर तेव्हा ठरवा.

साठीनंतर कॉलेजचा विचार मला फारसा पटत नाही, पण ऑर्डरीचा जरूर पटतो, तोही मोजक्या. पेन्शन असल्यामुळे गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं, आणि गिऱ्हाइकाचा 'नाही' ऐकायला हरकत राहत नाही. शेजाऱ्यांची पोर्ट्रेटं करा, समोर बसवून, फोटोवरून नव्हे. पहिली काही फुकट करा. माणूस समोर हलतो, बोलतो, पाणी मागतो, तेव्हा चेहरा म्हणजे काय ते कळतं.

आणि सध्या हातात असलेलं चित्र फ्रेमला आणायची घाई करू नका. भिंतीवर नुसतं चिकटपट्टीने लावा, जिथून रोज जाता-येता दिसेल अशा जागी. महिनाभराने त्यातलं काय खटकतंय ते कागदावर लिहा आणि तेच चित्र पुन्हा काढा. दुसरं आणा माझ्याकडे. पहिलं त्याच्या मागे घालून देतो, जादा पैसे नाहीत.