गालिच्यातला मुडदा आणि आमच्या गेटवरची सही

गेल्या महिन्यात हॉलमधला जुना गालिचा धुवायला द्यायचा होता. गुंडाळून खांद्यावर टाकला, लिफ्टने खाली आणला, तर गेटवर वॉचमनने अडवलं. "साहेब, गेटपास?" घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सामान बाहेर न्यायचं तर सेक्रेटरीची सही लागते. सेक्रेटरी बाजारात. तो येईपर्यंत गालिचा मांडीवर घेऊन बाकावर बसलो आणि रिचर्ड गिअरचा हेवा करत राहिलो.

'अनफेथफुल'मध्ये (२००२) तो बायकोच्या प्रियकराचा मुडदा असाच गालिच्यात गुंडाळून न्यूयॉर्कच्या एका इमारतीतून खाली आणतो. लिफ्ट मध्येच अडकते, आपल्याला घाम फुटतो, पण तो सुटतो. सही नाही, वही नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे मेहुणा शनिवारी सहकुटुंब येतोय. ऑडिटर माणूस. निरोप आला : "भावजी, लफडं आणि खून असलेला एखादा थ्रिलर काढून ठेवा. पण लॉजिक पाहिजे." तीन सिनेमे समोर आहेत. पुढे गुपितं फुटणार आहेत, ज्यांना नको त्यांनी इथेच थांबावं.

लॉजिकच हवं असेल तर हिचकॉकचा 'डायल एम फॉर मर्डर' (१९५४). बायकोचं एका लेखकाशी जुळलंय आणि पैसा बायकोचा आहे, म्हणून नवरा जुन्या ओळखीच्या माणसाकडून तिचा खून करवायला निघतो. बायकोची लॅचची किल्ली तो जिन्यावरच्या गालिच्याखाली ठेवतो. (इथेही गालिचा!) पण तिला मारायला आलेला माणूसच तिच्या कात्रीने मरतो. नवरा प्रेताच्या खिशातली किल्ली काढून बायकोच्या पर्समध्ये टाकतो. ती किल्ली असते मेलेल्या माणसाच्या स्वतःच्या घराची. त्याने यांची किल्ली दार उघडल्या उघडल्या परत जिन्यावर ठेवलेली असते. मेहुण्याला हा ताळेबंद फार आवडेल. इन्स्पेक्टरलाही खटकतं ते एवढंच, की या माणसाच्या खिशात स्वतःच्या घराची किल्ली कशी नाही?

भोक शोधायचंच तर ते बायकोत आहे. नवऱ्याने फोनवर सांगितलं, मी येईपर्यंत पोलिसांना कळवू नकोस, की ही गप्प. एवढ्या रात्री फोन कशाला केला होतास, हा प्रश्न ती लावून धरत नाही. आमच्या घरी पहिला प्रश्न तोच आला असता.

म्हणून माझं मत जरा उलटं आहे. मुडदा कसा हलवला यातली भोकं मी माफ करतो, नवरा-बायको एकमेकांशी खोटं कसं बोलतात यातली नाही. आणि त्या बाबतीत गळका 'अनफेथफुल'च सगळ्यांत खरा. त्याच्या तपासाचं म्हणाल तर चाळणी आहे. नवऱ्याने पाळत ठेवायला नेमलेल्या डिटेक्टिव्हला प्रियकराचं नाव-गाव माहीत, तो पोलिसांकडे का जात नाही? फोनची बिलं कुणी का काढत नाही? पण प्रियकराला भेटून परतीच्या ट्रेनमध्ये बसलेली बायको, म्हणजे डायन लेन, बघा : एकाच चेहऱ्यावर हसू, लाज, रडू, परत हसू. मुलाला शाळेतून घ्यायला झालेला उशीर बघा. पुढे पोलीस घरात बसलेले असताना ती थाप मारते आणि शेजारी बसलेला नवरा ती शांतपणे उचलून धरतो. त्या क्षणी दोघांना एकमेकांचं किती कळलंय ते आपल्याला कळतं. असा संसार मला पटतो. डायन लेनला ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगाच नाही.

'अंधाधुन' (२०१८) पुण्यातला, म्हणून जवळचा. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवाला, समोर प्रेत, आणि त्याच्या वाजवण्यावर प्रेताची आवराआवर. आपल्या इमारतींची खरी जाण यातच आहे, कारण इथे पाळत ठेवायला कॅमेरा लागत नाही, शेजारच्या म्हाताऱ्या डिसाबाई पुरतात. उत्तरार्धात मात्र किडन्या-लिव्हरचा बाजार मांडलाय आणि योगायोगांचा पाऊस. त्यावर दिग्दर्शक श्रीराम राघवनची पळवाट अशी, की गोष्ट सांगणारा स्वतःच खोटारडा. ऑडिटरसमोर हे चालणार नाही.

जाता जाता : व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं आणि पुढच्याच आठवड्यात 'अंधाधुन' लागला. त्यातल्या लफडेबाज इन्स्पेक्टरच्या बायकोला जुन्या कलमाचाही उपयोग नव्हता, तक्रारीचा हक्क फक्त नवऱ्यांना होता.

दोघंच असाल, मुलं झोपली असतील, तर 'अनफेथफुल' लावा. मित्रांचा अड्डा असेल तर 'अंधाधुन', शेवटावर रात्री दोनपर्यंत वाद चालतील. आमच्याकडे "दादासमोर ते तसले सीन नकोत" असा बायकोचा हुकूम निघालाय, त्यामुळे शनिवारी 'डायल एम'. मेहुण्याची गाडी गेटवर आली की सोसायटीच्या ॲपचा मेसेज माझ्या आणि तिच्या, दोघांच्याही फोनवर वाजेल. या सोसायटीत प्रियकराचं पहिल्या भेटीतच कसं व्हायचं, देव जाणे.