मधुमेह शुश्रूषेतील परिचारिकांच्या गटाचे सदस्यत्व : पावसाळा ते उन्हाळा

मधुमेहाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या नागपुरातील परिचारिकांच्या एका गटाची वर्गणी मी गेल्या पावसाळ्यात भरली आणि उन्हाळा सरेपर्यंतच्या अनुभवावरून हे लिहीत आहे. परिचारिका म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे क्रेडिट तास (सतत शिक्षणाचे तास) मिळावेत म्हणून बऱ्याच जणी येतात; मीही त्यासाठीच गेले होते.

धंतोलीतील एका बैठकीत एका ज्येष्ठ सिस्टरांनी लाल टोपणाची ४० युनिटांची (मिलीला ४० युनिटे या तीव्रतेच्या इन्सुलिनसाठीची) आणि केशरी टोपणाची १०० युनिटांची (मिलीला १०० साठीची) अशा इन्सुलिनच्या दोन सिरिंज रंगीत पाण्याने भरून सर्वांच्या हाती दिल्या. ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिली द्रव बसतो. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधले १०० च्या तीव्रतेचे इन्सुलिन त्याच खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिटे जातात. हे सर्वांना पाठ असते, पण रात्रपाळीत पेनची सुई संपलेली असताना हात कुठे जातो, हे त्या दिवशी मोकळेपणाने बोलले गेले. त्यानंतर दोन्ही सिरिंज वेगळ्या ट्रेमध्ये ठेवाव्यात, एवढ्याच मागणीचा एकपानी अर्ज गटाने तयार केला आणि माझ्या वॉर्डात मेट्रनबाईंनी तो लगेच मान्य केला.

मोठ्या मागण्यांच्या बाबतीत मात्र गट कच्चा आहे. मधुमेह शिक्षणासाठी परिचारिकेचे स्वतंत्र पद असावे, ही रास्त मागणी वेतन, पाळ्या आणि वसतिगृह यांच्या सोबत एकाच निवेदनात कोंबली गेल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहिले नाही. रुग्णाला सुट्टी देताना इंजेक्शन शिकवण्यात किती वेळ जातो, याची वॉर्डनिहाय नोंद जोडली असती, तर प्रशासनाला उत्तर देणे भाग पडले असते, असे माझे मत आहे. २०२३ च्या नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायद्यावर एक अख्खी बैठक झाली. कलमे वाचून दाखवली गेली, पण त्यातून आमच्या कामात काय बदलणार, हे कोणीच सांगितले नाही.

सर्वात उपयोगी ठरली ती मे महिन्यातली देवाणघेवाण. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना काटोल-उमरेडकडच्या, फ्रिज नसलेल्या रुग्णांनी इन्सुलिनची वापरातली बाटली कोरड्या डबीत घालून पाण्याच्या माठात ठेवावी, बर्फाला मुळीच लावू नये, अशी सोपी पत्रिका गटाने मराठीत छापली. कोरड्या उन्हात माठ चांगला गार राहतो. पावसाळ्यात तेवढा राहत नाही, ही सूचना एका सदस्येने आग्रहाने त्यात घालायला लावली.

ज्यांना या पत्रिकेची खरी गरज आहे, त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रांतील एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) भगिनी मात्र गटात जवळपास नाहीत. रविवारी दुपारी नागपूर गाठणे त्यांना जमत नाही, आणि बैठक तालुक्याला घेण्याचा विषय दरवेळी पुढे ढकलला जातो. शहरातील परिचारिकांनी वर्गणी जरूर भरावी. ग्रामीण भागातील भगिनींनी तालुक्याची बैठक सुरू झाल्यावरच विचार करावा.