वाकडा कोनाडा आणि सरळ पल्ले: मापाप्रमाणे करून घेतलेल्या कपाटाच्या दारांबद्दल

काम चांगलं झालं. पाचपैकी चार तारे. पाचवा सिलिकॉनने खाल्ला, त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी जागा कशी होती ते सांगतो, कारण खरी अडचण जागेचीच होती. झोपायच्या खोलीत एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब, आणि मधे दीड मीटरला जरा कमी रुंदीचा कोनाडा. कोनाडा आत ५७ सेंमी खोल. उजव्या तिसऱ्या हिश्श्यावर वरून बीम खाली उतरलेला. समोर ६० सेंमीवर पलंग, तो दुसरीकडे सरकत नाही. डावीकडे खोलीचं दार, ते उघडलं की त्याची मूठ नेमकी कोनाड्याच्या तोंडाशी येते. आत फळ्या आणि कपडे टांगायचा दांडा आधीपासून होता. हवी होती ती फक्त दारं.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, त्यामुळे माप घ्यायला आलेल्या माणसाच्या हाताकडे आधी बघतो आणि त्याच्या कॅटलॉगकडे नंतर. तयार कपाटांच्या दुकानातून आलेल्या एकाने टेप एकदाच आडवी धरली, आकडा मोबाइलमध्ये टाकला आणि ‘सरकती दारं बसवू’ म्हणाला. सरकत्या दारांचा रूळ आणि एकामागे एक येणारे दोन पल्ले मिळून आठ-दहा सेंमी खोली खातात. ५७ मधून ते वजा केल्यावर हँगरला लावलेल्या शर्टाच्या बाह्या दारात अडकणार. शिवाय कधीही बघा, अर्धं कपाट झाकलेलंच राहणार. त्याला चहा दिला आणि रवाना केलं.

ज्यांना काम दिलं ती दोन-तीन माणसांची छोटी कार्यशाळा आहे. त्यांचे मिस्त्री आले ते ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, उभी रेष सरळ आहे का ते बघायला), गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि लेझर घेऊन. रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली: १४८४, १४७१, १४७९ मिमी. मग दोन्ही कर्ण घेतले. कर्ण सारखे भरले नाहीत, म्हणजे कोनाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. ओळंबा सोडला तर डावी भिंत मधे पोट काढून उभी. मी म्हटलं, ‘प्लास्टर तर छान गुळगुळीत दिसतंय.’ ते म्हणाले, ‘काका, गुळगुळीत आहे, सरळ नाही. माप भिंतीला विचारायचं नसतं, ओळंब्याला विचारायचं.’ तिथल्या तिथे माझं मत पक्कं झालं.

या कामात पैसे दारांचे नसतात, मापाचे आणि बसवण्याचे असतात. चौकोनी पल्ला मशीनवर कोणीही कापून देईल. वाकडी भिंत कुठे लपवायची, हे ज्याला कळतं त्याला काम द्यावं. भिंतीचा वाकडेपणा पल्ल्यात घेतला तर दोन पल्ल्यांमधली फट वर बारीक आणि खाली रुंद दिसते, आणि रोज सकाळी तीच डोळ्यांत खुपते. या मंडळींनी १४३० मिमीची अगदी काटकोनी चौकट केली, ती ओळंब्यात उभी केली, आणि दोन्ही बाजूंना जी जागा उरली तिथे प्लायच्या पट्ट्या बसवल्या. पट्टी भिंतीला टेकवायची, पेन्सिलीला छोटा ठोकळा लावून तो भिंतीवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. भिंतीचे चढउतार जसेच्या तसे पट्टीवर उमटतात. त्या रेघेवर कापून रंधा मारला की पट्टी भिंतीला अशी बसते की मधे कागद शिरणार नाही. हे काम बघायला मी स्टूल टाकून बसलो होतो. घरातल्यांना माझं हसू आलं, येऊ दे.

ही पट्टी नुसती झाकायला नसते. पल्ला थेट भिंतीला लागून असता तर उघडताना त्याची कड प्लास्टरला घासली असती आणि तो पुरता उघडलाच नसता. दोन-अडीच सेंमीची ती पट्टी त्याला फिरायला जागा देते.

पल्ले तीन केले, प्रत्येकी साधारण ४७ सेंमी रुंद. दोनच केले असते तर एकेक ७१ सेंमीचा होऊन पलंगावर आपटला असता. हे मी आधीच कागदावर काढून ठेवलं होतं. बीमचं कोडं मात्र त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सोडवलं. उजवा पल्ला बीमखाली बुटका आणि बाकीचे दोन छतापर्यंत, असं माझ्या डोक्यात होतं. त्यांनी तिन्ही पल्ल्यांची वरची कड एकाच रेषेत, २१०० मिमीवर आणली. डावीकडे त्यावर माळ्याची दोन छोटी दारं आली. उजवीकडे बीमच्या तोंडावर त्याच रंगाचा, उघडत नसलेला तक्ता. समोरून पाहणाऱ्याला तीन मोठी आणि तीन छोटी दारं दिसतात, बीम दिसतच नाही.

लॅमिनेटवरून, म्हणजे पल्ल्यांवर चिकटवायच्या पातळ रंगीत थरावरून, थोडी घासाघीस झाली. मला खालपासून छतापर्यंत सलग जाणाऱ्या लाकडी रेषा हव्या होत्या. लॅमिनेटचा तक्ता आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० मिमी उंच. आमची उंची त्याहून जास्त, त्यामुळे माळ्याच्या दारापाशी रेषा तुटणारच. आडव्या रेषा घेतल्या तर रुंदी पुरते, पण चार फुटांवर जोड येतो. मिस्त्रींनी वहीच्या पाठीवर चौकोन काढून हे दाखवलं. शेवटी राखाडीकडे झुकणारा साधा मॅट रंग घेतला. मनापासून सांगायचं तर लाकडी रेषांची हुरहूर अजून आहे, पण जोड दिसला असता तर ती चीड झाली असती.

आत काय वापरलं तेही लिहितो, कारण विकणारे त्याबद्दल मोघम बोलतात. १८ मिमीचा ब्लॉकबोर्ड. उंच पल्ल्याला प्लायपेक्षा तो बरा, कारण आत लाकडाच्या लांब पट्ट्या असल्याने बाक कमी येतो. बाहेरून १ मिमी लॅमिनेट आणि आतूनही पातळ लॅमिनेट. आतून नुसता रंग मारून भागवतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नको म्हणा. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी राहिली की हवेतला दमटपणा दोन्हीकडून सारखा आत-बाहेर होत नाही आणि पल्ला पापडासारखा वळतो. कडांना २ मिमी पीव्हीसी पट्टी, मशीनवर चिकटवलेली. एका पल्ल्याच्या कोपऱ्यात ती जरा उचललेली होती. दाखवल्यावर कुरकुर न करता पल्ला परत नेऊन करून आणला.

बिजागऱ्या ३५ मिमी कपाच्या (पल्ल्यात गोल खड्डा पाडून बसवायच्या), सॉफ्ट क्लोजच्या (दार न आपटता हळू मिटवणाऱ्या), प्रत्येक मोठ्या पल्ल्याला चार. दुसऱ्या एका ठिकाणी तीनच सांगितल्या होत्या. दोन मीटर उंच पल्ला बारा-तेरा किलोंच्या घरात जातो, आणि त्याची ओढ सगळ्यात जास्त वरच्या बिजागरीवर येते. तिथे एका बिजागरीची काटकसर म्हणजे सैल होणाऱ्या स्क्रूंना आमंत्रण. या बिजागऱ्यांना बाजूला, आत-बाहेर आणि वर-खाली असं तीन दिशांना एक-दोन मिमी हलवायचे स्क्रू असतात. मिस्त्रींनी मला स्क्रू ड्रायव्हर देऊन एक पल्ला स्वतः सरळ करायला लावला. पुढे पल्ले थोडे उतरले की कोणाला बोलवायला नको. ही गोष्ट सगळ्यांनी करायला हवी, बहुतेक जण करत नाहीत.

मुठी लावल्याच नाहीत. खोलीच्या दाराची मूठ त्यांच्यावर आपटली असती. त्याऐवजी पल्ल्याच्या कडेला बोटं घालायची खाच. दिसायला छान, पण आमच्या आईची बोटं संधिवाताने आखडलेली आहेत, तिला ती धरवत नाही. तिच्या साड्या असलेल्या उजव्या पल्ल्याला मग साधी कमानी मूठ लावून घेतली. तिथे खोलीचं दार पोहोचत नाही. एक पल्ला वेगळा दिसतो. दिसू दे.

आता सिलिकॉन. शेवटच्या टप्प्यात मिस्त्री दुसऱ्या कामावर गेले आणि बसवायला वेगळाच मुलगा आला. पट्टी आणि भिंत यांच्यातली केसाएवढी रेघ त्याने पांढऱ्या सिलिकॉनने, म्हणजे फटी बुजवायच्या रबरासारख्या लेपाने, भरली. सिलिकॉनवर भिंतीचा रंग धरत नाही. रंगाऱ्याचा ब्रश फिरला की रंग थेंब होऊन बाजूला होतो. रंग द्यायचा असेल तिथे अॅक्रिलिक, म्हणजे रंग धरणारा लेप, भरायचं असतं. वरपासून खालपर्यंत सगळं खरवडावं लागलं, त्यात प्लास्टरचे टवके निघाले, आणि रंगाऱ्याचं काम वाढलं. कार्यशाळेने चूक मान्य केली आणि खरवडून अॅक्रिलिक भरून दिलं, पण बोलावून, आठवण करून, पुन्हा बोलावून. माप घेणारा आणि बसवणारा माणूस एकच असेल का, हे काम देतानाच विचारून घ्या.

त्याच मुलाने पट्ट्या खोलीतच मशीनवर कापल्या. गादीवर चादर होती, चादरीखाली भुसा होता. गॅलरी असेल तर कापाकापी तिथेच करायला सांगा.

खाली १० सेंमीची पाया पट्टी ठेवल्यामुळे फरशी पुसताना पाणी पल्ल्यांना लागत नाही. मागची भिंत बाहेरची असल्याने ओल धरते, म्हणून माळ्याच्या तळाला आणि पाया पट्टीत हवेसाठी भोकं पाडून घेतली. गोंदाचा वास बरेच दिवस रेंगाळला. पल्ले उघडे टाकून पंखा लावत होतो, आणि तो जाईपर्यंत लोकरीचे कपडे दुसरीकडे ठेवले होते.

माळ्याची दारं बाजूला उघडतात, वर उचलली जाणारी नाहीत. स्टुलावर उभं राहून एका हाताने दार धरायला लागत नाही, हे बरं. बैठकीतल्या खांबामागे अशीच एक अरुंद जागा आहे, तिथे चपलांचं कपाट करायचंय. मापाला त्याच मिस्त्रींना बोलावलंय, आणि बसवायलाही तेच येतील असं या वेळी अंदाजपत्रकावर लिहून घेतलंय.