ठाण्यातील एक नीरा केंद्र आणि डॉ. कमला सोहोनी यांची कसोटी

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस बाहेर पडून गावदेवी मैदानाकडे निघाले, की वाटेवरच्या एका लहानशा केंद्रात सकाळी नीरा मिळते. नीरा विकणाऱ्याची खरी पारख एकाच गोष्टीवरून होते: झाडावरून उतरवलेला रस गिऱ्हाइकाच्या पेल्यात पडेपर्यंत त्याला आंबू न देण्याची काळजी त्याने किती घेतली आहे. ताड किंवा शिंदीच्या या रसात साखर भरपूर असल्यामुळे यीस्ट त्यावर लगेच वाढू लागते आणि ऊन चढले की काही तासांत नीरेची ताडी होते. म्हणूनच झाडावरच्या मडक्याला आतून चुना लावतात, रस पहाटेच उतरवतात आणि बर्फात ठेवून शहरात आणतात. या केंद्रातील नीरा थंडगार, गोड आणि किंचित मातकट चवीची असते; फेस नाही, आंबूस वास नाही. भांडी झाकलेली असतात, पेले वाहत्या पाण्याखाली धुतात, आणि नीरा संपली की विक्रेते सरळ ‘संपली’ असे सांगतात, पाणी घालून ती वाढवीत नाहीत.

ही कसोटी मी जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्या कामावरून घेतली आहे, आणि नीरा पिणाऱ्या प्रत्येक ठाणेकराला त्यांचे नाव ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते. कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला, भागवतांच्या घरात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या (आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या) सुरुवातीच्या पदवीधरांपैकी. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी १९३३ मध्ये मिळवून कमलाबाईंनी वडील व काका शिकले त्याच संस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत या कारणाने तो नाकारला. त्यांनी रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. रामन यांच्या भौतिकशास्त्रातील थोरवीबद्दल दुमत नाही, पण या अटी अपमानकारक होत्या, आणि कमलाबाईंनी त्या निभावून दाखवल्या म्हणून त्यांतला अन्याय कमी होत नाही. वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

तेथे त्यांनी श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला, १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली आणि मग केंब्रिज गाठले. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करताना बटाट्याच्या अभ्यासातून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पेशींच्या श्वसनात महत्त्वाचे काम करणारे हे प्रथिन आहे. या संशोधनाचा त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा येथे काम केल्यावर १९४७ मध्ये विवाह करून त्या मुंबईत आल्या आणि फोर्टमधील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. त्यांच्या कारकिर्दीचा हाच काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण केंब्रिजमध्ये मिळवलेली शिस्त त्यांनी येथील गरिबाच्या ताटाकडे वळवली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असून तिचा गूळ किंवा काकवी केली तरी ही द्रव्ये टिकून राहतात, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना हा स्वस्त पूरक आहार लाभतो, असे त्यांच्या व विद्यार्थ्यांच्या कामातून पुढे आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, त्याच्या पाड्यांवरील कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्या लक्षात घेतल्या, म्हणजे या संशोधनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दर्जा सुधारण्याबाबत सल्ला दिला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना चार वर्षांच्या विलंबाने मिळाले.

पुढे त्यांनी ग्राहकांच्या बाजूने काम केले. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्या सक्रिय राहिल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि नंतर लवकरच त्यांचे निधन झाले.

ग्राहकाने विचारले पाहिजे, या त्यांच्या शिकवणुकीला अनुसरून या केंद्राबद्दल एक तक्रार नोंदवतो. नीरा कोठून आली आणि केव्हा उतरवली, याची पाटी तेथे नाही. विचारल्यास विक्रेते नीट उत्तर देतात, परंतु घाईत लोकल पकडणारा गिऱ्हाईक विचारत नाही. एक फळा आणि खडू एवढ्यावर हे काम होईल. ताडगुळाच्या पुड्यांवरही तयार केल्याची तारीख छापलेली असावी. नीरा प्यायची असल्यास नऊच्या आत जावे आणि ती तेथेच उभे राहून प्यावी. घरी न्यायचीच असेल, तर बर्फ घातलेला थर्मास सोबत ठेवावा. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून रिक्षाने घोडबंदर रोडपर्यंत नेलेली नीरा घरी पोहोचेपर्यंत आंबू लागते.