ग्रीनव्हिल: पूल बघाच, पण आधी फुटपाथ बघा

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिलला जाणार म्हटलं की जो तो एकच सांगतो, लिबर्टी ब्रिजवर जा आणि फोटो काढा. जा, काढा. माझ्याकडेही आहेत. पण या शहराला मी पाचपैकी चार तारे देतेय ते पुलासाठी नाही. ते आहेत मेन स्ट्रीटच्या फुटपाथसाठी, आणि शहराने जे बांधलं त्यापेक्षा जे पाडलं त्यासाठी.

माझी नोकरी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी कुठेही गेले की नजर आधी पायाखाली जाते. लेक-जावई तिकडे राहतात, जावई जवळच्याच गाड्यांच्या कारखान्यात आहेत, म्हणून हे शहर मला घाईगडबड न करता बघता आलं. पहिल्याच संध्याकाळी मी एका झाडाच्या आळ्यापाशी वाकून बघत उभी राहिले तेव्हा जावई म्हणाले, "आई, पूल पुढे आहे." म्हटलं, "असू दे हो, तो काय पळून जातोय?"

शहर छोटं आहे. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या सत्तर हजारांच्या थोडी वर. आसपासची उपनगरं धरली तर गर्दी कितीतरी जास्त, पण मुख्य शहर पायी फिरता येईल एवढंच. मेन स्ट्रीट उत्तरेकडून हयात हॉटेलपासून सुरू होतो, हलक्या उताराने खाली येतो, रीडी नदी ओलांडतो आणि पलीकडे वेस्ट एंड भागात जातो. आमच्यासारख्या गुडघेवाल्यांनी उत्तरेकडूनच सुरुवात करावी. जाताना उतार मिळतो, येताना मुलांना गाडी खाली आणायला सांगायची.

आता फुटपाथ. हा रस्ता एके काळी चौपदरी होता आणि मरायला टेकला होता. ग्रीनव्हिल हे गिरण्यांचं गाव, स्वतःला जगाचं कापड-केंद्र म्हणवून घेणारं. पुढे लोक उपनगरांत गेले, १९६८ मध्ये मॅकअलिस्टर स्क्वेअर नावाचा मॉल उघडला आणि गावातली दुकानं एकेक करून तिकडे सरकली. अशा वेळी आपल्याकडे काय, तिकडे काय, पहिला उपाय सुचतो तो रस्ता रुंद करण्याचा. यांनी नेमकं उलट केलं. १९७१ ते १९७९ या काळात मॅक्स हेलर महापौर होते. मूळचे व्हिएन्नाचे ज्यू, नाझींच्या तावडीतून १९३८ मध्ये निसटून इथे आले आणि शर्टांच्या धंद्यात स्थिरावले. माणसांनी भरलेले रस्ते त्यांनी लहानपणी पाहिलेले होते. त्यांच्या काळात चार पदरांचे दोन पदर करायचं ठरलं. आराखडा लॉरेन्स हॅल्प्रिन या नावाजलेल्या लँडस्केप आर्किटेक्टचा. उरलेली जागा फुटपाथ, झाडं आणि तिरकं पार्किंग यांना मिळाली.

याचा परिणाम रस्ता ओलांडताना कळतो. दोनच पदर, त्यात कोपऱ्यावर फुटपाथ पुढे आलेला, मध्ये कुंड्या. चार पावलं टाकली की पलीकडे. गाडीवाला हळू जातो तो पाटी वाचून नाही. रस्ताच असा आखलाय की जोरात जायची सोय नाही, त्यात कधी कोणती तिरकी लावलेली गाडी मागे येईल याचा नेम नसतो. वेग कमी करायला गतिरोधक लागतोच असं नाही, हे मी नोकरीत कितीदा सांगितलं असेन! इथे ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

आणि सावली. पन्नास वर्षांपूर्वी हा रस्ता उघडा होता, आज दोन्ही बाजूंच्या फांद्या वर जवळजवळ भेटतात. दक्षिणेतला उन्हाळा दमट आणि चिकट असतो, दुपारी दोनला घराबाहेर पडवत नाही. तरी मेन स्ट्रीटवर माणसं होती. झाडाला कमान व्हायला दोन पिढ्या लागतात. लावणाऱ्या नगरसेवकाला त्या सावलीत प्रचार करायला मिळत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी आधी दिवे आणि कारंजी येतात.

नातवाला फुटपाथचं हे कौतुक नव्हतं, त्याला उंदीर हवे होते. या रस्त्यावर काशाचे नऊ छोटे उंदीर लपवून ठेवलेत. कल्पना एका शाळकरी मुलाची, एका बालपुस्तकावरून सुचलेली. झॅन वेल्स या तिथल्याच शिल्पकार बाईंनी ते घडवले आणि २००० साली बसवले. उंदीर मुठीत मावेल एवढा. कुठे कठड्यावर, कुठे भिंतीच्या कोपऱ्यात, शोधायला वाकावं लागतं. एक सापडला तेव्हा त्याची पाठ हात लागून लागून पिवळी चकचकीत झाली होती आणि पोटाखालचा भाग अजून काळपट होता. पोरगं त्यापायी कुरकुर न करता अख्खा रस्ता चाललं. शेवटचा काही आम्हाला सापडला नाही. शहराच्या सुशोभीकरणावर झालेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वसूल खर्च कोणता असेल तर हाच असावा.

तक्रार एकच आहे, पण महत्त्वाची. हॉटेलांनी फुटपाथवर टेबलं मांडली आहेत. त्यानेच रस्त्याला जिवंतपणा येतो, मान्य. पण शनिवारी संध्याकाळी काही ठिकाणी टेबलं, झाड आणि वाट बघत उभी असलेली मंडळी यांच्यामधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट उरते. व्हीलचेअरवरच्या एका आजोबांना खुर्च्या सरकेपर्यंत थांबावं लागलं. एका हॉटेलात मी मॅनेजरला हे सांगितलं. तो गोड हसला, थँक्यू म्हणाला, टेबल तिथेच राहिलं.

उतार संपतो तिथे पीस सेंटर हे १९९० मध्ये उघडलेलं नाट्यगृह आहे आणि मग नदी. नदी म्हटलं तर मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. रीडी म्हणजे आपण मोठा ओढा म्हणू तेवढीच, पण ऐन शहराच्या मध्यात ती खडकांवरून घसरत खाली येते. याच धबधब्यापाशी अठराव्या शतकात पहिली पिठाची गिरणी उभी राहिली. पुढे कापडगिरण्या आल्या आणि नदीचं गटार झालं. त्या दिवशी गिरणीत जो रंग चालू असेल तो नदीला, असं तिथले जुने लोक सांगतात.

१९६० मध्ये तर कहर झाला. धबधब्याच्या डोक्यावरूनच कॅम्परडाउन ब्रिज नावाचा चौपदरी काँक्रीटचा पूल नेला. धबधबा झाकला गेला आणि गावातल्या एका पिढीला तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हतं. १९६७ मध्ये कॅरोलायना फूटहिल्स गार्डन क्लबच्या बायकांनी खाली साफसफाई सुरू केली, फर्मन विद्यापीठाने आणि शहराने साथ दिली. पण डोक्यावर पूल होता तोवर ती बाग तळघरातच म्हणायची. १९९५ च्या अखेरीस महापौर झालेल्या नॉक्स व्हाइट यांनी तो पाडायचा विषय लावून धरला. धडधाकट, वाहता पूल पाडायचा म्हटल्यावर विरोध होणारच. रस्ता राज्याच्या खात्याचा, व्यापाऱ्यांना धास्ती, वाहतूक कुठे जाणार हा प्रश्न. २००२ मध्ये पूल पाडला. वाहतूक दुसऱ्या रस्त्यांवरून गेली आणि शहर काही तुंबलं नाही.

माझ्या अख्ख्या नोकरीत मी धोकादायक नसलेला पूल पाडल्याचं अंदाजपत्रक पाहिलेलं नाही. कोणी मांडलं असतं तर त्याची बदली झाली असती.

त्या जागी २००४ मध्ये लिबर्टी ब्रिज आला, फक्त चालणाऱ्यांसाठी. रचना मिगेल रोझालेस यांची. लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास, रुंदी बारा फूट आणि आकार कोयरीच्या पाठीसारखा वळलेला. नव्वदेक फुटांचे दोन खांब बाहेरच्या अंगाला कललेले आहेत. तोलून धरणारा मुख्य दोर एकाच बाजूला, धबधब्याच्या विरुद्ध अंगाला. म्हणजे धबधब्याकडे तोंड करून उभं राहिलं की मध्ये एकही तार येत नाही. हे मला फार आवडलं. बहुतेक नवे पूल "मला बघा" म्हणतात, हा वळून उभा राहतो आणि "तिकडे बघा" म्हणतो. खर्च सुमारे पंचेचाळीस लाख डॉलर. संध्याकाळी लग्नाच्या फोटोवाल्यांची झुंबड उडते, सकाळी आठच्या आत गेलात तर पूल तुमचाच.

खालचं फॉल्स पार्क नीट ठेवलेलं आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. वाटा रुंद आहेत, पायऱ्या टाळून उतारावरूनही खाली जाता येतं, पण ती वाट शोधावी लागते, पाट्या अपुऱ्या आहेत. हिरवळीवर पसरायला जागा भरपूर. पाठ टेकायला मिळेल असे बाक मात्र पाण्याजवळ कमी, दगडी कट्टेच जास्त. तरुणांना चालतं, आम्हाला नाही. स्वच्छतागृह वरच आटोपून खाली उतरा. आणि पाण्यात पाय सोडून बसलेली मुलं दिसली तरी आपल्या नातवंडांना सोडू नका. अख्ख्या शहराचं पावसाचं पाणी या नदीत येतं, सर आली की ती चहासारखी होते, जंतूंचा त्रास आहेच. काठ सुंदर केला म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं होत नाही. नदीकाठ सुधार योजनांच्या रंगीत चित्रांत हा फरक कधीच दिसत नाही.

पार्कवर सव्वा कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. त्यासाठी हॉटेलांतल्या तयार जेवणावर लावलेल्या दोन टक्के कराचा आधार घेतला गेला. म्हणजे बाग बघायला येणारा जेवतो आणि त्याच्या जेवणातून बागेचा पैसा निघतो. ही सांगड मला पुलापेक्षा हुशारीची वाटली. उद्घाटनाला पैसा सगळीकडे मिळतो, वाफे दर हंगामाला बदलायला मिळत नाही. तिथे ते वीस वर्षांनंतरही बदलले जातायत हे दिसतं.

आता पाचवा तारा का नाही ते. वेस्ट एंड, मेन स्ट्रीट, नदीकाठ, जिथे पाहावं तिथे नव्या इमारती, वर फ्लॅट, खाली महागडी दुकानं. याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबं वाढत्या भाड्यांमुळे आणि करांमुळे बाहेर गेली. लेकीची एक सहकारी त्याच वस्तीत वाढलेली. ती म्हणाली, नदी साफ झाली तेव्हा आम्ही तिच्या काठावर उरलो नव्हतो. रस्ता अरुंद करायला, पूल पाडायला धाडस दाखवलं, तेवढं आधीच त्या घरांसाठी दाखवलं असतं तर मी तारा हातचा राखला नसता.

याची थोडी जाणीव पुढच्या कामात दिसते. नदीच्या वरच्या अंगाला, सदर्नसाइड वस्तीलगत, २०२२ मध्ये साठ एकरांचं युनिटी पार्क उघडलं. इथेच पूर्वी कृष्णवर्णीय मुलांसाठी मेबेरी पार्क नावाचं मैदान होतं, त्यातली जागा काढून घेऊन बेसबॉलचं स्टेडियम बांधलं. पुढे या भागात शहराच्या सार्वजनिक कामांचं यार्ड होतं. आता तो इतिहास पार्कमध्ये लिहून ठेवलाय आणि लगतची काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी राखली आहे. काठही वेगळ्या पद्धतीने केलाय. भिंत नाही, उतार पसरट ठेवून पुराला पसरायला जागा सोडली आहे. बांधकामवाली म्हणून विचाराल तर नदीचं काम इथलं अधिक चांगलं. झाडं मात्र अजून काठीएवढी आहेत, दुपारी सावलीचं नाव नाही.

कमी वेळ असेल तर सकाळी लवकर पूल, मग वर येऊन मेन स्ट्रीट, दुपारी घरी झोप, उन्हं उतरल्यावर युनिटी पार्क. तिथवर स्वॅम्प रॅबिट ट्रेलने चालत किंवा सायकलने जाता येतं. जुन्या रेल्वेमार्गावरून ट्रॅव्हलर्स रेस्ट गावापर्यंत काढलेली ही वाट सपाट आहे, पण सायकलवाले मागून घंटी न वाजवता सुसाट येतात, तेव्हा उजव्या कडेने चाला. गाडी मेन स्ट्रीटवर लावण्याच्या फंदात पडू नका, मागच्या गल्ल्यांतल्या पार्किंग इमारती बऱ्या. आणि उंदरांची यादी आधी मिळवून ठेवा. नववा सापडला तर मला कळवा, नातू अजून विचारतो.