द टूम्ब्ज ऑफ अटुआन: उन्हाळ्यापासून सोबतीला असलेलं पुस्तक

उर्सुला ले गुइन यांची ही कादंबरी १९७१ची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मागवली, पोळा होऊन गेला तरी अजून उशाशीच आहे. अर्थसी मालिकेतला हा दुसरा भाग, पण पहिला न वाचताही काही अडत नाही. इंग्रजी सोपं. पुढं कथा फोडली आहे, ज्यांना नको त्यांनी इथंच थांबावं.

अटुआन बेटावर निनावी शक्तींची थडगी आहेत. तेनार नावाच्या लहानग्या पोरीला आईबापापासून तोडून तिथं आणतात. का, तर मेलेली थोरली पुजारीण म्हणे हिच्या रूपानं परत जन्मली. नावही काढून घेतात, 'अर्हा' म्हणतात. मग सगळं आयुष्य भिंतीच्या आत. जमिनीखालचा चक्रव्यूह तेवढा तिच्या मालकीचा. थडग्यांखालच्या गुहेत उजेड न्यायला सक्त मनाई, म्हणून ती वाटा हातानं चाचपत, वळणं मोजत पाठ करते. देवगिरीच्या अंधारीत मोबाइलची बॅटरी बंद करून चार पावलं टाकलेल्या माणसाला ही पानं समजावून सांगावी लागत नाहीत.

मग गेड नावाचा जादूगार एका मोडक्या कड्याचा अर्धा तुकडा शोधत आत शिरतो. त्याच्या काठीच्या टोकाला उजेड आहे, आणि त्या उजेडात तिला आपलीच गुहा पहिल्यांदा दिसते. भिंती, छत, सगळीकडं स्फटिक लखलखतायत. इतकी वर्षं तिथं वावरली, हात फिरवला, पण हे कधी दिसलंच नव्हतं. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, सांगता येत नाही.

तरी पुस्तकाचा जीव, ती गेडसोबत तिथून निसटते, त्या सुटकेनंतरच्या पानांत आहे. लातूरला नीटची तयारी करणारी भाची घरी आली की आम्ही मोठ्यानं वाचायचो. ती वैतागून म्हणाली, "मावशी, सुटली ना आता? मग रडती कशाला?" तेनार नुसती रडत नाही. समुद्रकाठी बसलेल्या गेडला मारायला सुरी घेऊन जाते. तिच्या हुकमावरून कैदी उपाशी मेलेत, ते ती विसरलेली नाही. मला एखाद्या ओसाड बेटावर सोडून दे, म्हणते. बाहेरचं जग तिला बक्षीस वाटत नाही, ओझं वाटतं. लेखिकेनं हे झाकलं नाही, आणि दोघांचं लग्नही लावून दिलं नाही. (आपल्या एखाद्या मालिकेत होडीतच अंतरपाट धरला असता.) गेड तिला गाँट बेटावर आपल्या म्हाताऱ्या गुरूकडं, ओगियनकडं, पोचवतो म्हणतो, एवढंच.

तक्रारी आहेत. सुरुवात रेंगाळते, गेड यायला बराच वेळ लागतो. कोसिल ही दुसरी पुजारीण पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती दुष्टच. आणि शेवटचा, हॅवनॉर बेटापर्यंतचा समुद्रप्रवास, ज्याची मी वाट बघत होते, तो चार पानांत उरकलाय. माझ्या प्रतीची शिवणही सुटत आलीय, अक्षरं बारीक आहेत. चाळिशीच्या पुढच्यांनी आधी आतलं पान बघून घ्यावं.

लढाया, ड्रॅगन हवे असतील तर हे घेऊ नका. भाचीला शेवट पटलेला नाही. तेनार पुढं प्रौढ विधवा म्हणून १९९०च्या 'तेहानू'त भेटते म्हटल्यावर तिनं तेही मागवायला लावलंय.