विश्रामबागेतील ‘बाईंचा वर्ग’ आणि ‘ॲड’चा पाठ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेढ्यांवर लिखापढी करणाऱ्यांना परराज्यांतील खरेदीदारांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करावाच लागतो, आणि तिथे शाळेतले इंग्रजी हमखास तोकडे पडते. अशा नोकरदारांसाठी विश्रामबाग परिसरात एक निवृत्त शिक्षिका सायंकाळी वर्ग घेतात. वर्गाला पाटी नाही. ‘बाईंचा वर्ग’ एवढीच त्याची ओळख आहे. पंधरा दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवण्याचे आश्वासन तिथे कोणी देत नाही. एका सायंकाळी एकच साधे क्रियापद घ्यायचे आणि त्याचा सर्व बाजूंनी कस लावायचा, अशी बाईंची पद्धत आहे. ती कितपत उपयोगी आहे, हे ‘ॲड’ या क्रियापदाच्या पाठावरून चांगले सांगता येईल.

‘ॲड’ हा शब्द आपण मराठीत दिवसभर वापरतो. ‘मला ग्रुपवर ॲड कर’, ‘यादीत आणखी दोन नावे ॲड करा’ असे म्हणताना तो परका वाटतही नाही, आणि म्हणूनच इंग्रजी वाक्यात तो चुकीचा बसला तरी आपल्या लक्षात येत नाही. बाईंनी पाठाची सुरुवात अर्थ सांगून केली नाही. त्यांनी फळ्यावर हळदीच्या सौद्याचे एक बिल मांडले: हमाली ६२० रुपये, तोलाई १८० रुपये, बारदान ७०० रुपये. मग त्याच बिलावरून चार वाक्ये लिहिली. ‘वी हॅव ॲडेड हमाली टू द बिल’, म्हणजे हमाली बिलात धरली आहे. ‘द चार्जेस ॲड अप टू फिफ्टीन हंड्रेड रुपीज’, म्हणजे खर्चाची बेरीज १,५०० रुपये होते. ‘द रेन ॲडेड टू द कॉस्ट’, म्हणजे पावसामुळे खर्चात भर पडली. आणि ‘द फिगर्स डोन्ट ॲड अप’, म्हणजे आकड्यांचा मेळ बसत नाही.

यांतील पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातला फरक त्यांनी ज्या सावकाशीने उलगडला, त्यासाठी हा वर्ग मी कोणालाही सुचवीन. दोन्हीकडे ‘ॲड’ आहे आणि दोन्हीकडे ‘टू’ आहे. परंतु पहिल्या वाक्यात काय घातले ते सांगणारे कर्म आहे, तर तिसऱ्यात ते नाही. कर्म असेल तर ‘घालणे’, ‘मिळवणे’ किंवा ‘जोडणे’ असा अर्थ घ्यावा, आणि कर्म नसताना थेट ‘टू’ आले तर ‘भर पडणे’ किंवा ‘वाढणे’ असा घ्यावा, हे एकदा कळले की इंग्रजी वर्तमानपत्रातील कितीतरी वाक्ये आपोआप सुटतात. चौथ्या वाक्याबाबत त्यांनी असे दाखवले की ‘ॲड अप’ केवळ आकड्यांपुरते नाही; एखाद्याच्या सांगण्यात विसंगती असली तरी इंग्रजीत हेच म्हणतात, आणि आपल्याकडेही त्याच्या बोलण्याचा मेळ बसत नाही असे म्हणण्याची रीत आहेच.

आपली सर्वांत पक्की सवय मात्र ‘टू’च्या जागी ‘इन’ घालण्याची आहे. आपण आमटीत मीठ घालतो, यादीत नाव घालतो, आगीत तेल ओततो. मराठीत सगळीकडे ‘त’ असल्यामुळे ‘ॲड सॉल्ट इन द करी’ हे वाक्य सहज तोंडातून निघते, पण प्रमाण इंग्रजीत तिथे ‘टू’ लागते. आगीत तेल ओतण्यासाठीही इंग्रजी वाक्प्रचार ‘ॲड फ्युएल टू द फायर’ असाच आहे. एका विद्यार्थ्याने ‘असे का?’ म्हणून विचारले, तेव्हा बाईंनी नियम म्हणून विषय मिटवला नाही. हे क्रियापद लॅटिन ‘अद्देरे’वरून आले असून त्यातील ‘अद्’ या उपसर्गाचा मूळ अर्थ ‘च्याकडे’ असा आहे, हे त्यांनी सांगितले. दिशेची ती जाणीव मनात ठेवली की ‘टू’ विसरत नाही, हा त्यांचा सल्ला मला रोजच्या पत्रांत खरोखर उपयोगी पडला.

बातम्यांतील ‘ही ॲडेड’वर त्यांनी दिलेला वेळही सार्थकी लागला. मराठी बातमीत ‘असेही त्यांनी सांगितले’ हे वाक्य जिथे येते, तिथे इंग्रजी बातमीत बहुधा ‘ही ॲडेड’ असते. म्हणजे वक्ता आधी काहीतरी बोललेला असल्याशिवाय हे क्रियापद वापरता येत नाही. पत्राच्या पहिल्याच वाक्यात ते वापरणे त्यामुळे चूक ठरते. उच्चाराकडेही त्यांचे बारीक लक्ष असते: शेवटी ‘ड’ असल्याने भूतकाळात उच्चाराचा एक अवयव (सिलॅबल) वाढतो आणि ‘ॲडिड’ असा उच्चार होतो, हे त्यांनी प्रत्येकाकडून म्हणवून घेतले. जाहिरातीच्या ‘ॲड’मध्ये इंग्रजी ‘डी’ एकदाच येतो आणि मिळवण्याच्या ‘ॲड’मध्ये दोनदा, हे त्यांनी जाता जाता सांगितले, वकिलांच्या पाटीवरच्या ‘ॲड.’ची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना ही सूचना हवीच होती.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ‘इन ॲडिशन’ आणि ‘इन ॲडिशन टू’ यांतील भेद शेवटच्या काही मिनिटांत उरकला गेला, आणि व्यापारी पत्रव्यवहारात नेमकी त्याचीच गरज सर्वाधिक पडते. ‘इन ॲडिशन’ हे ‘शिवाय’सारखे एकटे उभे राहते, तर ‘इन ॲडिशन टू’नंतर नाम किंवा ‘इंग’ प्रत्ययाचे रूप यावे लागते. ‘इन ॲडिशन टू सेंडिंग द सॅम्पल’ हे बरोबर आणि ‘इन ॲडिशन टू सेंड’ हे चूक. एवढे सांगून त्यावर पाच-दहा वाक्ये लिहून घेतली असती तर पाठ पुरा झाला असता. वर्गात संख्या वाढल्यामुळे प्रत्येकाला बोलण्याची पाळी क्वचितच येते, आणि मागच्या बाकांवर रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजामुळे नीट ऐकू येत नाही. संभाषणाचा सराव हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे, त्यांचे समाधान येथे होईल असे मला वाटत नाही.

लेखनाच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. घरून लिहून आणलेली वाक्ये बाई स्वतः तपासतात. केवळ चुकीवर खूण करून थांबत नाहीत, तर समासात बरोबर वाक्य लिहून देतात आणि तीच चूक पुन्हा आढळली तर मागचे पान उघडायला लावतात. टिपणांचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत. पेढी, बँक किंवा कारखान्याच्या कार्यालयात ज्यांना रोज इंग्रजीत लिहावे लागते, त्यांनी येथे अवश्य जावे. जाताना आपल्या कामातील एखादे जुने पत्र किंवा बिल सोबत न्यावे आणि शक्यतो लवकर पोहोचून पुढच्या बाकावर बसावे.